कोळसा, नग दोनशे

चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय काय करावं लागतं याची मी एकदा यादी केली होती. गॅदरिंगचा पडदा रंगवणे, प्रमाणपत्रांवर नावं घालणे, पाहुणे येणार असले की दारात रांगोळी, निवडणुकीत मतदान केंद्राकडे जाणारे बाण, आणि 'येथे थुंकू नये' हे सुवाच्य अक्षरात तीन ठिकाणी. (तिन्ही ठिकाणी लोक आधी अक्षराकडे कौतुकानं बघतात आणि मग थुंकतात.) यादी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की तिच्यात चित्रकला शिकवणे हे काम राहूनच गेलंय. पण त्यात माझी फारशी चूक नाही. तो तास बहुधा गणिताला गेलेला असतो.

मी लांजेवार. सक्करदऱ्याच्या तलावापासून चालत दहा मिनिटांवर आमची शाळा आहे आणि तिथे एकोणीस वर्षं मी 'ड्रॉइंगवाले सर' आहे. माझं सगळं वैभव खोली क्रमांक अकरामध्ये मावतं. चाळीस पाट, दोन कपाटं आणि प्लास्टरचा एक पाय, ज्याचा अंगठा कोणत्या तरी वर्षी मुलांनी पळवला. खोलीची खिडकी मागच्या आवारात उघडते. तिथे मीराबाई मुलांची खिचडी शिजवतात, त्यामुळे आमच्या शाळेतल्या जलरंगांना फोडणीचा वास असतो. बाकी खोली उत्तम. उत्तरेचा, म्हणजे दिवसभर न बदलणारा, उजेड येतो. उत्तरेच्या उजेडाचं महत्त्व मी एकोणीस वर्षांत एकाही मुख्याध्यापकाला पटवू शकलेलो नाही.

दिवाळीनंतर अरुंधती मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. स्मार्ट क्लासरूम मंजूर झाली होती, पडदा आणि प्रोजेक्टर येऊन पडला होता, फक्त खोली हवी होती.

"तुमची खोली तशी रिकामीच असते ना, सर?"

"मॅडम, त्यात मुलं असतात."

"तास कुठे होतात तुमचे?"

तास गणित घेतं, खोली स्मार्ट क्लास घेणार, मग माझ्याजवळ तो प्लास्टरचा पायच उरणार होता. मी बहुधा फार केविलवाणा दिसलो असेन, कारण मॅडम जरा नरमल्या. "जानेवारीपर्यंत थांबते. तोवर एखादा उपक्रम करून दाखवा. दिसेल असा करा. वरून कोणी आलं तर दाखवता आला पाहिजे."

घरी येऊन मी श्वेताला, म्हणजे बायकोला, जाहीर केलं की आठवीच्या चाळीस मुलांकडून चारकोलची चाळीस चित्रं काढून घेणार, प्रदर्शन भरवणार आणि खोली वाचवणार. ती म्हणाली, "हात धुऊनच घरात येत जा म्हणजे झालं." पुढे काय होणार हे तिला तेव्हाच कसं कळलं, हे मला अजून समजलेलं नाही.

चित्रांना कागद लागतो आणि चारकोल लागतो. दोन्हीची मागणी ऑनलाइन भरायची, आणि तीही शुद्ध मराठीत. इंग्रजी शब्द आढळल्यास मागणी बाद, असं परिपत्रक आहे. मराठीवर माझं प्रेम आहे, पण या परिपत्रकानं मला फार छळलंय. आदल्या वर्षी मी चित्राचा बोर्ड टेकवायचे 'इझल' मागितले होते. त्याला सुतारकामातला सरळ शब्द आहे म्हणून 'घोडी, नग चार' असं लिहिलं. शेरा आला, 'शाळेच्या आवारात जनावर ठेवण्याची तरतूद नाही.' त्यानंतर महिनाभर स्टाफरूममध्ये मला चाऱ्याबद्दल विचारत होते.

या वेळी मी सावध होतो. एक मूल, पाच कांड्या, चाळीस मुलं. लिहिलं, 'कोळसा, चित्रकलेसाठी, नग दोनशे.' यात कोणाला काय खुसपट काढता येणार?

आमचे बाबू शालिकरामजी एका बोटानं टाइप करतात. त्या बोटावर त्यांचा आणि शाळेचा फार भरवसा आहे. मी त्यांच्या शेजारी बसून क्रीडा महोत्सवाच्या एकशे साठ प्रमाणपत्रांवर नावं घालत होतो.

"सर, याच्यात चित्रकला नाई," ते म्हणाले. "क्रीडा आहे, फिनाइल आहे, इंधन आहे. कोळसा टाकला का थेट इंधनात जाऊन राहिला."

"हं," मी म्हणालो. समोरचं नाव होतं त्र्यंबकेश्वर वाघमारे, आणि ते दीड इंचात बसवायचं होतं.

"आन नग नाई घेत. किलोच घेते."

"जे घेतं ते टाका हो शालिकरामजी," मी म्हणालो.

हे वाक्य पुढे माझ्याच सहीच्या खुलाशात मला तीनदा लिहावं लागलं. 

कागदाची मागणी चार दिवसांत परत आली. 'मागील वर्षीच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापराव्यात.' कोळशाची मात्र मंजूर झाली. दहाव्या दिवशी, प्रार्थना ऐन रंगात असताना, कळमेश्वरकडून एक मेटाडोर आली आणि फाटकातून उलटी उलटी आत शिरली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "लांजेवार कोन आहे? दोन क्विंटल कोयसा कुठी टाकू?"

पाचशे मुलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. प्रार्थनेतलं 'अमंगळ सारे जळून जावो' हे कडवं त्यांनी त्या दिवशी फार मन लावून म्हटलं.

दहा पोती उतरली. दगडी कोळसा नव्हता, लाकडी होता, एवढी एक देवाची कृपा. पण मीराबाईंना कृपा वगैरे काही दिसेना. त्या झारा हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, घरात ग्यास असताना कोयसा काहून बोलावला गा? माह्या पोटावर पाय देऊन राहिले का तुम्ही?"

"मीराबाई, हा चित्र काढायला आहे."

"दोन क्विंटलचं चित्र?" त्या म्हणाल्या.

त्यांची भीती तशी खोटी नव्हती. आमच्या शाळेला 'धूरमुक्त स्वयंपाकघर' म्हणून प्रमाणपत्र मिळालेलं आहे. (त्यावर शाळेचं नाव मीच घातलंय.) आणि संगणकाला फक्त एवढंच दिसलं की धूरमुक्त शाळेनं दोनशे किलो इंधन उचललं. आठवड्यात नोटीस आली, 'गॅस असताना कोळसा का? सात दिवसांत खुलासा करावा.' मॅडमनी खुलासा पाठवला की कोळसा चित्रकलेसाठी आहे. त्यावर उलट विचारणा आली. 'चित्रकलेत कोळसा जाळण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

मी प्रयोजन दोन पानांत स्पष्ट केलं. छायाप्रकाश, पोत, रेषेची जाडी, सगळं. लिहिताना मला भरूनच आलं, कारण चित्रकलेबद्दल इतकं लेखी मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. उत्तरात आदेश आला. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर कोळसा कुलूपबंद खोलीत जसाच्या तसा ठेवावा. अभिरक्षक म्हणून मागणीकर्त्या शिक्षकाची नेमणूक करण्यात येत आहे.'

शाळेत कुलूप लागणारी आणि रिकामी समजली जाणारी खोली एकच होती.

"तुम्हीच मागवला, सर. तुमच्याच खोलीत ठेवा," मॅडम म्हणाल्या. अशा रीतीनं जी खोली वाचवायला मी निघालो होतो ती स्मार्ट क्लासच्या आधीच कोळशानं घेतली. पाट व्हरांड्यात आले, प्लास्टरचा पाय जिन्याखाली गेला, आणि एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा एक पद मिळालं, कोळसा अभिरक्षक.

ही बातमी कॉलनीत माझ्या आधी पोचली. आमचे शेजारी रुपराव विद्युत खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकत असतात. त्यांच्या हिशेबानं जगात अर्ज टाकून न सुटणारा प्रश्नच नाही. "तुम्ही अर्ज टाका, मास्तर," ते म्हणाले. "विचारा का बाप्पा, मागच्या दहा वर्षांत किती शाळेले किती कोळसा गेला." मी म्हणालो, कोणालाच गेला नाही, मलाच आला. "हेच तं! हेच लेखी घ्यायचं."

समोरच्या शोभाताईंचा दृष्टिकोन जास्त सकारात्मक होता. थंडी पडली होती, बाजारात भरताची वांगी आली होती. "भाऊ, दोन घमेले द्या ना कोयसा. गच्चीवर भरीत करतो, तुमाले बी डबा पाठवतो. ग्यासवर भाजलेल्या वांग्याले का चव राहते?" मी म्हणालो, ताई, तो सरकारी आहे. "सरकारी कोयशावर तं आनखी मस्त भाजते," असं म्हणून त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी कॉलनीत मी भरताला नाही म्हणणारा माणूस झालो होतो. आमच्या विदर्भात याहून वाईट नाव नाही.

आता मुलांचं ऐका. खोली गेली, कागद नाही, म्हणून आठवीचा तास मी मागच्या आवारात घेऊ लागलो. एकदा पोती मोजायला कुलूप उघडलं तेव्हा दारातून दोन-चार तुकडे बाहेर घरंगळले होते. भूमिका नावाची एक मुलगी आहे, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी हजेरी घेत होतो. मान वर केली तर ती कंपाउंडच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी होती आणि भिंतीवर मीराबाई होत्या.

पदर खोचलेला, एक पाय विटेवर, दोन्ही हातांनी खिचडीच्या गंजात झारा फिरवतायत. वाफ तिनं तळहातानं कोळसा पुसून काढली होती. पुसून वाफ निघते हे मी शिकवलेलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मला फार आनंद झाला, आणि लगेच पाठोपाठ भीती वाटली, कारण तो कोळसा अभिरक्षेतला होता आणि अभिरक्षक मी होतो.

"सर, पुसू का?" तिनं विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. खिशातून किल्ली काढली आणि घमेलंभर कोळसा घेऊन बाहेर आलो. कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मला आजही माहीत नाही. कोणी विचारलं नाही. चित्रकलेच्या तासाकडे बघण्याची शाळेत कोणाला सवयच नाही, ती त्या महिन्यात माझ्या कामी आली.

तीन आठवड्यांत भिंत भरली. तलावाकाठचा गोळेवाला आला. संत्र्यांचा हातठेला आला. मॅडमची स्कूटर आली, दोन्ही पाय जमिनीला टेकवत चालवताना. आयुषचे वडील धंतोलीत ऑटो चालवतात. त्यानं हॉस्पिटलसमोरचा फुटपाथ काढला. एक्स-रेचे लिफाफे मांडीवर घेऊन बसलेली गावाकडची माणसं, आणि एक म्हातारी ऑटोत चढताना हात पुढे करतेय. एका कोपऱ्यात कुलूप लावलेल्या दारासमोर एक वाकलेला, पोट सुटलेला गृहस्थ उभा होता. मी विचारलं, हे कोण. कोणीच सांगेना. त्याच्या खांद्यावरची पिशवी माझी होती.

गणिताच्या सरांनी तास मागितला तर मुलं म्हणू लागली, "नाई सर, आमचा ड्रॉइंग आहे." हे वाक्य मी या शाळेत पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग पत्र आलं. तपासणी अधिकारी येणार, कोळशाचं वजन करणार.

मी त्या संध्याकाळी खोली उघडून पोत्यांकडे पाहत बसलो. दहातलं एक पोतं पार लोळत होतं. अभिरक्षकानंच माल लंपास केला, असा याचा सरळ अर्थ होता. खोली राहिली बाजूला, आता नोकरीचंच कसं, असं मला वाटू लागलं. घरी सांगितलं तर श्वेता म्हणाली, "जे झालं ते सरळ सांगून टाका ना." हा सल्ला इतका साधा होता की मी तो मनावर घेतला नाही आणि रुपरावांकडे गेलो.

"त्याच्यात काय आहे?" रुपराव म्हणाले. "पानी मारा. ओला कोळसा बम भारी होते."

तपासणीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी अकरा नंबरच्या खोलीत चार बादल्या पाणी मारलं. कोळसा पाणी किती पितो याबद्दल माझं ज्ञान तोकडं होतं. चित्रकलेच्या पदविकेत हे शिकवत नाहीत.

अधिकारी म्हणजे ओमप्रकाश बिसेन साहेब. पांढराशुभ्र शर्ट, गंभीर चेहरा. दार उघडलं तसा काळ्या पाण्याचा एक ओहोळ त्यांच्या बुटापर्यंत आला. त्यांनी बूट मागे घेतला. रद्दीवाल्याकडून आणलेल्या काट्यावर एकेक पोतं चढू लागलं. शालिकरामजी एका बोटानं कॅल्क्युलेटर दाबत होते. शेवटी त्यांनी सगळी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

"दोनशे चौदा," ते हळूच म्हणाले.

"कितने?" साहेब.

"दोनशे चौदा, साहेब."

बिसेन साहेबांनी एक पोतं स्वतः हलवून पाहिलं आणि कपाळावर हात फिरवला. हात कोळशाचे होते. "मास्टरजी, माल कमी भरते हे मी नोकरीत बम पाहिलं. कुलपात ठेवून वाढते, हे पहिल्यांदा पाहून राहिलो. ये क्या है भाई?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी सांगून टाकलं. पाण्याचंही, घमेल्यांचंही. मुलांकडे कागद नव्हता, भिंत होती. वापर मी करू दिला, दोष माझा, असं म्हणालो.

साहेब ओल्या पोत्यांकडे बघत म्हणाले, "वाळवा. वाळल्याशिवाय मी काय लिहू?"

म्हणून सगळा कोळसा मागच्या आवारात उन्हात पसरला आणि साहेबांना तिथेच खुर्ची टाकून दिली. समोर भिंत. काही इलाज नव्हता, ऊन तिथेच होतं आणि थंडीत ते साहेबांनाही हवंच होतं. मीराबाईंनी खिचडीची थाळी आणून दिली. साहेब एक घास घेत आणि भिंतीकडे बघत. मग थाळीतल्या वाफेकडे बघत.

"हे तुम्ही आहा का?"

"हाव साहेब, मीच आहो," मीराबाई म्हणाल्या. दीड-दोन महिन्यांपूर्वी झारा घेऊन माझ्यावर धावल्या होत्या, हे त्या पार विसरल्या होत्या. "बारा वर्सं झाली रांधून राहिली. शाळेच्या फोटोत मले कोनी उभं नाई केलं. या पोरीनं केलं."

जेवण झाल्यावर साहेब उठले आणि भिंतीच्या कडेनं चालत गेले. मॅडमही मागे. स्कूटरपाशी मॅडम थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी इतकी वाकडी बसते?" साहेब आयुषच्या चित्रापुढे थांबले. बराच वेळ झाला तरी हलेनात. मला वाटलं, चूक शोधतायत.

"धंतोली आहे ना?" ते म्हणाले. "आईले घेऊन तीन महिने मी इथंच बसत होतो. याच फुटपाथवर." मग रुमालानं डोळे पुसले, त्यामुळे चेहरा आणखीच काळा झाला. कोणी हसलं नाही.

चार वाजता पुन्हा वजन झालं. एकशे एकोणनव्वद किलो. साहेबांनी तिथेच मांडीवर अहवाल लिहिला आणि मला वाचायला दिला. 'घट अकरा किलो. विनियोग: चित्रकला.' हे दोन शब्द मी तीनदा वाचले. सरकारी कागदावर चित्रकलेसाठी काही तरी खरोखर वापरलं गेल्याची नोंद माझ्या पाहण्यात पहिलीच. खाली होतं, 'उर्वरित कोळसा त्याच प्रयोजनार्थ, त्याच खोलीत, पुढील आदेशापर्यंत राखून ठेवावा.'

पुढील आदेश आमच्याकडे कधी येत नाहीत. हे मॅडमनाही माहीत आहे. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "शालिकरामजी, प्रोजेक्टर प्रयोगशाळेत हलवा."

अहवालाला दुसरं पान होतं, ते मी उशिरा उलटलं. 'शालेय भिंतीचे विद्रूपीकरण आढळले. प्रजासत्ताक दिनापूर्वी संबंधित शिक्षकाने भिंत पूर्ववत करावी.' मी साहेबांकडे पाहिलं. ते मोटारसायकलला किक मारत म्हणाले, "लिहावंच लागते, मास्टरजी. भिंत लिस्टमधे आहे."

मागणी भरायला पुन्हा शालिकरामजींकडे गेलो. या वेळी मी त्यांच्या बोटावरून नजर हलवली नाही. त्यांनी 'चुना' टाइप केलं आणि कारण विचारलं. मी म्हणालो, लिहा, शाळेला लावायला.

"'शाळेला चुना लावण्यासाठी' असं नका लिहू, सर," ते कळवळून म्हणाले. "आत्ताच एका चौकशीतून निघालो आपन."

शनिवारी सगळी आठवी आली. भिंतीचे फोटो काढले, मीराबाईंनी स्वतःच्या चित्रासमोर उभं राहून एक वेगळा काढून घेतला, आणि मग मी कुंचा बादलीत बुडवला. पहिला हात गोळेवाल्यावर मारला. मला अतिशय वाईट वाटत होतं. धंतोलीच्या म्हातारीपाशी आलो तेव्हा माझा हात थांबला, तर आयुषनंच कुंचा घेतला आणि तो भाग पुरा केला. दुपारपर्यंत भिंत कोरी झाली. चाळीस फूट लांब, सात फूट उंच, एकही डाग नाही. एवढा मोठा कागद मला कोणत्याही मागणीपत्रावर मिळाला नसता.

भूमिका चुन्यानं भरलेले हात फ्रॉकला पुसत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"सर, वाळायले किती दिवस लागते?"

"चार."

तिनं मान हलवली आणि अकरा नंबरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. आत एकशे एकोणनव्वद किलो होता. किल्ली माझ्या खिशात होती.